"एनएबीएच तुम्हीच बघा" असं सांगितलं गेलंय? छोट्या हॉस्पिटलमधल्या नव्या क्वालिटी कोऑर्डिनेटरसाठी

आपल्याकडे खान्देशात क्वालिटी कोऑर्डिनेटरला नेमणुकीचं पत्र वगैरे काही मिळत नाही. सोमवारी सकाळचा राउंड संपतो, सर हात पुसता पुसता म्हणतात, "सिस्टर, तुमचं अक्षर चांगलं आहे. ते एनएबीएचचं तुम्हीच बघा." झाली नेमणूक. (एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेचं मानांकन देणारी संस्था.) कुठे ती वॉर्डातली सीनियर सिस्टर असते, कुठे रात्रपाळी करणारा बीएचएमएस आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, कुठे कॅशलेसच्या फायली सांभाळणारा मुलगा. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तीस खाटांच्या हॉस्पिटलात मीही अशीच सापडले. नंतर चोपड्यापासून शहाद्यापर्यंत काही हॉस्पिटलांना या कामात मदत केली. मागच्या आठवड्यात जे सापडले असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक घोळ मिटवू. महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलला १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी करावीच लागते. ते झालं गाडीचं आरसी बुक. आरसी बुक आहे म्हणून ब्रेक चांगले आहेत असं कुणी म्हणत नाही. ब्रेक तपासणारी यंत्रणा म्हणजे मानांकन, आणि ते ऐच्छिक आहे. भारतात हे काम एनएबीएच करतं. ही भारतीय गुणवत्ता परिषदेची २००५ पासूनची शाखा. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या रुग्णालय मानकांची सहावी आवृत्ती आली: १० प्रकरणं, १०० मानकं आणि त्यांखाली ६३९ तपासण्याचे मुद्दे. आकडा बघून घाबरू नका. ५० खाटांपर्यंतच्या हॉस्पिटलांसाठी वेगळी, आटोपशीर मानकं आहेत आणि त्यातही 'एंट्री लेव्हल' नावाची पहिली पायरी आहे. तुमचे सर बहुतेक तिच्याबद्दलच बोलत असतात.

सरांना ते कशासाठी हवंय, हेही स्वच्छ माहीत असू द्या. मानांकन नसेल तर सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे) दर १५ टक्क्यांनी कमी मिळतात. आयुष्मान भारतच्या मार्गदर्शक सूचनांत एंट्री लेव्हलला १० आणि पूर्ण मानांकनाला १५ टक्के जास्तीची तरतूद आहे. विमा कंपन्याही विचारतात. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पैशाच्या निमित्ताने का होईना, सरांनी फ्रीजचा थर्मामीटर विकत आणला तर तो रुग्णाच्याच कामाचा.

(तुम्ही सरकारी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात असाल तर तुमची मानकं वेगळी. तिथे एनक्वास (सरकारी आरोग्य संस्थांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं), प्रसूतिगृहासाठी लक्ष्य आणि स्वच्छतेसाठी कायाकल्प. कागद वेगळे, पण पुढे लिहिलंय त्यातलं बरंचसं तसंच लागू पडतं.)

पहिला आठवडा: फाइल उघडू नका

पहिला मोह होतो तो दुसऱ्या हॉस्पिटलचं मॅन्युअल पेन ड्राइव्हवर आणायचा. सल्लागारही तेच विकतात. मी एका ठिकाणी असं आणलेलं मॅन्युअल वाचलं होतं. आपत्तींच्या यादीत समुद्राची मोठी भरती होती. तापीला पूर येतो हे खरं, पण भरती यायची तर समुद्रालाच आधी गाडी करून खान्देशात यावं लागेल. त्याच यादीत उष्माघात नव्हता. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या जिल्ह्यात!

तेव्हा आठवडाभर फक्त एका रुग्णामागे चाला. गेटपासून डिस्चार्जपर्यंत. नाव कोण विचारतं, कितीदा विचारतं, पहिला बीपी किती मिनिटांनी लागतो, ॲलर्जी विचारली का आणि विचारली तर लिहिली कुठे, ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला काय सांगते. वहीत जसं दिसतं तसं उतरवा, 'असायला हवं' ते लिहू नका. नंदुरबारकडे असाल तर एवढंही बघा, की सिकलसेलबद्दल कुणी विचारतं का. तिथल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे आणि आणलेल्या फॉर्मात त्याला रकाना नसतो.

परवान्यांचं काम याच आठवड्यात कुणाकडे तरी सोपवून टाका: नर्सिंग होम नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार, सोनोग्राफीची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची) नोंदणी, एक्स-रेची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळाकडची) नोंदणी, मेडिकलचा परवाना, अग्निशमन. प्रत्येकाची संपायची तारीख एका कागदावर लिहून सरांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवा.

सगळेच पाटील

आपल्याकडे रुग्णाची ओळख हा विषय पुस्तकात आहे त्याहून अवघड. आमच्या जनरल वॉर्डात एकदा पाच पुरुष रुग्णांपैकी तिघे पाटील होते आणि तिघांनाही घरचे 'आप्पा' म्हणत. सिस्टरने दारातून हाक मारली, "आप्पा, इंजेक्शन घ्यायचंय." दोघे उठून बसले. ज्यांचं इंजेक्शन होतं ते तिसरे, गाढ झोपलेले. त्या दिवशी हसण्यावारी गेलं. पण सिरिंजमध्ये इन्सुलिन होतं आणि उठलेल्यांपैकी एकाला साखरेचा आजारच नव्हता.

नियम साधा आहे. कोणतंही औषध, रक्त, नमुना किंवा तपासणी यांआधी दोन खुणा जुळवायच्या: पूर्ण नाव आणि आयपीडी (दाखल रुग्णाचा) किंवा नोंदणी क्रमांक. खाटेचा नंबर ही खूण धरायची नाही, कारण पंख्याखाली जागा मिळावी म्हणून आपल्याकडे रुग्ण आपसांत खाटा बदलतात. विचारायची पद्धतही महत्त्वाची. "तुम्ही सुरेश पाटील ना?" असं विचारलंत तर गुंगीतला माणूस मान हलवतोच. "तुमनं नाव काय शे?" असं विचारा, त्यालाच सांगू द्या आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघा. ही सवय लागायला आम्हाला चार महिने लागले. पट्ट्या छापायला एक दिवस पुरला होता.

फ्रीजची वही

हा माझा आवडता विषय आहे, कारण हॉस्पिटलमध्ये मानांकन रुजलंय की नुसतं चिकटवलंय, हे फ्रीजच्या वहीत पाच मिनिटांत कळतं.

इन्सुलिन, लसी, काही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. तापमान दिवसातून किमान दोनदा बघायचं आणि लिहायचं. एका हॉस्पिटलमध्ये मी १४ तारखेला गेले. फ्रीजवर वही लटकत होती, नीट रकाने आखलेली. रोज सकाळी ४, संध्याकाळी ४. एकच निळा पेन, एकच सही. बोट फिरवत खाली आले तर १६ तारखेपर्यंत भरलेली! परवाचं तापमान आजच माहीत. फ्रीज उघडला, आतला थर्मामीटर ११ दाखवत होता. दाराच्या कप्प्यात इन्सुलिन, मधल्या कप्प्यात कुणाचा तरी भरीत-भाकरीचा डबा.

ज्या मुलीने ती वही भरली होती, तिला कुणी रागावू नये म्हणून मी तिथेच तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "मॅडम, एकदा मी ९ लिहिलं होतं. सगळे मलाच बोलले." सगळी गोम इथे आहे. खरा आकडा लिहिणाऱ्याला बोलणी बसली की पुढे सगळ्या वह्यांत चारच येतात.

तर फ्रीजसाठी करायचं ते असं. वहीत वेळेचा रकाना ठेवा, नुसता सकाळ-संध्याकाळ नको. आकडा ८ च्या वर गेला तर काय करायचं, ते वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा: कुणाला फोन, औषध कुठे हलवायचं, कोणतं बाजूला काढून 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावायची. लाइट गेली की फ्रीज जनरेटरच्या लाइनवर येतो का, ते स्वतः उभं राहून बघा. आमच्याकडे सरांच्या केबिनचा एसी त्या लाइनवर होता, फ्रीज नव्हता. डबा ठेवायला वेगळा फ्रीज मागा, सेकंडहँड चालेल.

औषधांत अजून एक गोष्ट लगेच करा. पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्यूल वॉर्डातल्या साध्या ट्रेमधून काढून कुलपात ठेवा. न पातळ करता शिरेतून झपकन गेलं तर हृदय थांबतं. अशा जोखमीच्या औषधांची यादी करा आणि ती देताना दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे डोस मोजून सही करायची. दुसरी कुणी नसेल तर आरएमओला उठवायचं. रात्री दोन वाजता तो कुरकुर करेल, करू द्या.

चूक लिहायची वही

मानकं सांगतात की हॉस्पिटलमध्ये घडलेली चूक किंवा होता होता टळलेली चूक नोंदवायची, तिचं कारण शोधायचं. नव्या माणसाला वाटतं, ही वही कोरी राहिली की तपासनीस खूश. उलट आहे. तीस खाटांच्या हॉस्पिटलात सहा महिन्यांत एकही रुग्ण पडला नाही, एकही चुकीचा डोस नाही, एकही सुई टोचली नाही, यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि ठेवूही नये.

२०२० च्या जूनमध्ये जळगावात काय झालं, ते इकडच्या लोकांना आठवत असेल. कोविडसाठी दाखल असलेल्या एक वृद्ध बाई रुग्णालयातून बेपत्ता असल्याचं म्हटलं गेलं आणि आठवड्याभरानंतर त्या त्याच रुग्णालयाच्या शौचालयात मृत सापडल्या. तो काळ भयंकर होता, माणसं कमी होती, हे सगळं मान्य. तरी मला राहून राहून वाटतं, की प्रत्येक ड्युटी बदलताना खाटेजवळ उभं राहून "हा रुग्ण इथे आहे" एवढं एक वाक्य म्हणायची रीत असते, ती अशाच दिवसांसाठी. म्हणून हँडओव्हर टेबलाजवळ बसून घेऊ देऊ नका. दोघींनी खाटेपाशी जायचं, रुग्णाकडे बघायचं, सलाइन बघायचं, मग सही.

चूक लिहायचा फॉर्म अर्ध्या पानाचा ठेवा. नाव लिहायची सक्ती नको. पहिला फॉर्म सरांनीच भरावा, असा हट्ट धरा. आमच्या सरांनी भरला: स्वतःच्याच हाताने लिहिलेला डोस मेडिकलवाल्याने चुकीचा वाचला होता. त्यानंतरच्या महिन्यात नऊ फॉर्म आले. सर दचकले, "एवढ्या चुका वाढल्या?" चुका पूर्वीइतक्याच होत्या, आता त्या दिसायला लागल्या होत्या.

संमती

ऑपरेशनच्या संमतिपत्रावर अंगठा घेतला की काम झालं, असं समजायची आपल्याकडे जुनी खोड आहे. फॉर्म इंग्रजीतून मराठीत आणला तरी प्रश्न सुटत नाही, कारण शिंदखेड्याच्या आजीची भाषा अहिराणी आणि धडगावच्या बाईची पावरी. "उदरातील गाठीचे शस्त्रक्रियेद्वारे निष्कासन" हे तर मलाही दोनदा वाचावं लागलं. "पोटमा गाठ शे, ती काढनी पडी" असं म्हटलं की आजीचा पहिला प्रश्न येतो. प्रश्न आला म्हणजे समजलं. सगळं सांगून झाल्यावर तिलाच विचारा, आता घरी जाऊन सुनेला काय सांगाल? ती सांगते त्यावरून कळतं. कोणत्या भाषेत सांगितलं आणि कुणी भाषांतर केलं, ते फॉर्मवर लिहा. पावरीसाठी आमच्याकडे एक मावशी होत्या. त्यांचं नाव दुभाषी म्हणून यादीत घातलं तेव्हा त्यांनी तो कागद घरी नेऊन दाखवला.

सल्ल्याविरुद्ध घरी जाणाऱ्यांचीही हीच गत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी निम्मा वॉर्ड उठतो. "आमले घर जावानं शे." अडवता येत नाही. पण 'स्वतःच्या जबाबदारीवर' एवढं लिहून हात झटकू नका. कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं, गोळ्या किती दिवस, हे सणाच्या घाईतही बोलून सांगा आणि लिहून द्या.

ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) कागद

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण ओटीतून बाहेर जाण्याआधी थांबून मोठ्याने बोलायचे मुद्दे. २००९ मध्ये ८ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात दिल्लीही होती. गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले होते. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती यादी सक्तीची केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचे आकडे आले, तर फरक जवळजवळ काहीच नव्हता. कागद तोच. यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात, पण आपल्या ओटीत डोकावलं तर मला कारण शोधायला लांब जावं लागत नाही. केस संपल्यावर चहा पिता पिता ओटी सिस्टर तिन्ही रकान्यांत एकदम टिकमार्क करते. म्हणून यादी फाइलला लावू नका. भिंतीवर मोठी लावा आणि सर्जनने हातात चाकू घ्यायच्या आधी सिस्टरने वाचायची. सिस्टरला सर्जनला "थांबा" म्हणायची हिंमत यावी, यासाठी सरांनी सगळ्यांसमोर एकदा तशी परवानगी द्यावी लागते. ती मिळवणं हे तुमचं या कामातलं सगळ्यात कठीण काम असेल.

अमेरिकेतल्या तपासणीबद्दलचा २०१७ चा एक अभ्यास मला कायम आठवतो. मानांकनाचे तपासनीस अचानक येतात, त्या आठवड्यात दाखल झालेल्या रुग्णांतलं ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ७.०३ टक्के होतं, इतर आठवड्यांत ७.२१. फरक छोटा, पण हॉस्पिटल तेच, डॉक्टर तेच. कुणी बघतंय म्हटल्यावर हात जरा जास्त धुतले जात असतील, एवढंच. आपण नेमलेलो आहोत ते उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांसाठी.

कचरा, हात, आग

कचऱ्याचं सगळ्यांना माहीत असतं: पिवळी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा न टोचणारा डबा, काचेसाठी निळा, आणि ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. फक्त पिशव्या कुठे ठेवल्यात ते बघा. ड्रेसिंग ट्रॉलीपासून लाल पिशवी दहा पावलं लांब असेल तर कचरा हाताशी येईल त्या पिशवीत जाणार. सुईला टोपण परत लावू नये, हे नव्या मुलींना रोज सांगा. सुई टोचलीच तर लपवायची नाही, कारण एचआयव्हीविरोधी औषध लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. हातांसाठी सॅनिटायझरची बाटली प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी अडकवा. नळ व्हरांड्याच्या टोकाला असेल तर भाषणांनी कुणी हात धुणार नाही.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याला नवजात कक्षात लागलेल्या आगीत दहा बाळं गेली, तीही रात्री. तुमची फायर ड्रिल दुपारी तीनला, सगळे चहाला असताना होत असेल तर तिला अर्थ नाही. रात्री एकला करा, दोन सिस्टर आणि एक वॉचमन असताना. आमच्या पहिल्या रात्रीच्या ड्रिलमध्ये मागच्या दाराचं कुलूप उघडायला सहा मिनिटं लागली, कारण किल्ली दिवसपाळीच्या मावशींच्या घरी होती. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्रही लागतं, ते विसरू नका.

आकडे किती ठेवायचे

थोडेच ठेवा. पडलेले रुग्ण, औषधांच्या चुका, ऑपरेशननंतर जखमेत झालेला संसर्ग, हात धुण्याचं निरीक्षण, पहिली तपासणी किती वेळात झाली. एवढे पाच खरे भरले तरी पुष्कळ. रीत सोपी आहे: रोज सरासरी २० रुग्ण, ३० दिवस, म्हणजे ६०० रुग्णदिवस. महिन्यात एक जण पडला तर १ ला १००० ने गुणून ६०० ने भागा, १.६७ येतं, म्हणजे दर हजार रुग्णदिवसांमागे १.६७ जण पडले. या आकड्याची तुलना मुंबईच्या हॉस्पिटलशी नको, आपल्याच मागच्या महिन्याशी करा. पडलेली माणसं कुठे पडली तेही लिहा. आमच्याकडचे निम्मे संडासाच्या एकाच पायरीवर पडले होते. गवंडी बोलावला.

अर्ज आणि तपासणीचा दिवस

ही तयारी चार-सहा महिने चालली की अर्ज ऑनलाइन भरा. आधी स्वतःची तपासणी, मग फी, मग कागदांची छाननी, मग तपासनीस प्रत्यक्ष येतात. ज्या त्रुटी निघतात त्यांना आपल्या भाषेत 'एनसी' म्हणतात. त्या दुरुस्त करून पुरावा पाठवायला मुदत मिळते. लोक एनसीला फार घाबरतात. तपासनिसाने दाखवलेली त्रुटी ही फुकटात मिळालेली दुसरी नजर आहे, पाठांतर करून ती झाकायला जाऊ नका. तपासनीस पाठांतर लगेच ओळखतात.

आमच्याकडे आलेल्या मॅडमनी सगळ्यांत आधी सफाईच्या मावशींना गाठलं. "फरशीवर रक्त सांडलं तर काय करता?" मावशी अहिराणीत सांगू लागल्या, मॅडमना काही कळेना. मी बोलायला तोंड उघडलं, तर मावशींनी मला हातानेच थांबवलं. "दखा," म्हणाल्या. ग्लोव्हज चढवले, जुना पेपर आणून फरशीवर पसरला, एक टक्का हायपोक्लोराइटची बाटली उलटी करून त्यावरची तारीख मॅडमना दाखवली, ओतल्यासारखं केलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून थांबल्या. मॅडमही थांबल्या. शेवटी पेपर गोळा करून पिवळ्या पिशवीत.

त्या दिवशी आम्हाला सात एनसी मिळाल्या. मावशींच्या कामावर एकही नव्हती. सरांच्या अक्षरावर दोन होत्या.